दुसरी सुजाता

आमच्या घरात जळकी कोण, असं कुणी विचारलं असतं तर शेजारच्या खोलीतूनसुद्धा माझंच नाव आलं असतं. लपवायचं काय त्यात. ताटात बोंबील पडला की मी आधी दादाच्या ताटात बघायचे, मग माझ्या. त्याचा तुकडा बोटभर मोठा असला तर मला जेवण जायचं नाही. मम्मी म्हणायची, "पोटात आग घेऊनच जन्माला आलीय ही कार्टी." पण मम्मीला एक गोष्ट कधीच कळली नाही. मी दादावर जळत नव्हते. दादा ज्याच्याकडे बघायचा त्याच्यावर जळायचे. त्याचा मित्र, त्याची सायकल, शेजारच्या काकूंचं बाळ, कोणीही असो. तो माझ्याकडे बघत नसेल तेवढा वेळ मला कुणीतरी लुटतंय असं वाटायचं. आता चाळिशी ओलांडलीय, डोक्यात पांढरे केस मोजता येईनासे झालेत, तरी तो स्वभाव गेला असं काही मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आम्ही उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात राहायचो. दोन खोल्या, पुढे अरुंद ओटा, आणि ओट्यासमोर जीन्स शिवायचा कारखाना. सकाळी आठला तिथल्या मशिनी सुरू झाल्या की त्या थेट संध्याकाळपर्यंत घरघरत राहायच्या. जेवणाच्या सुट्टीत मध्येच थांबल्या की आम्हालाच दचकायला व्हायचं. त्या कारखान्यातून मम्मी गठ्ठे आणायची. शिवलेल्या पँटींचे लोंबणारे दोरे कापायचे, हे आमच्या चाळीतल्या निम्म्या बायकांचं काम. संध्याकाळी पप्पा अंबरनाथच्या फॅक्टरीतून आले, हातपाय धुऊन झाले, सगळ्यांनी मिळून वंदना म्हटली, की मधल्या खोलीत गठ्ठा सुटायचा. मम्मी भाकऱ्या थापायला बसायची आणि मी नि दादा समोरासमोर कात्र्या घेऊन. कापडाचा निळा रंग बोटांना लागायचा तो साबणानेही जायचा नाही. शाळेत पोरी हसायच्या. मला काही वाटायचं नाही, कारण दादाचीही बोटं तशीच निळी होती.

दोरे कापताना दादा बोलायचा. दादाचं नाव मिलिंद. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, बारीक, आणि गोष्ट सांगायला लागला की हातातली कात्री विसरणारा. कॉलेजात कोण कुणाशी भांडलं, कुठल्या सरांचा विग उडाला, स्टेशनवर कुणाची चप्पल रुळांवर पडली, सगळं. अर्ध्या गोष्टी त्याने रचलेल्या असायच्या हे मला माहीत होतं. आमच्या त्या तासाभरात तिसरं कुणी शिरत नसे. मम्मी चुलीपाशी, पप्पा पेपरात तोंड घालून. तो तास माझा होता, आणि माझ्या सगळ्या लहानपणात मला पूर्ण मिळालेली तेवढी एकच गोष्ट.

दादा अकरावीत गेला आणि नाक्यावर हरेश अंकलचं सायबर सुरू झालं. पूर्वी तिथे पापडाचं दुकान होतं. आत गेलं की बरेच दिवस मिरीचा वास यायचा. आठ कंप्युटर, प्रत्येकाच्या मध्ये प्लायवूडची फळी, आणि दाराशी टेबलावर एक लांबलचक रजिस्टर. कुणीही आलं की अंकल मान वर न करता म्हणायचे, "साईं, पहले नाम लिखो, टैम लिखो." पोलिसांची भीती असायची, म्हणून नाव लिहिल्याशिवाय ते खुर्ची देत नसत. दादा पहिल्यांदा गेला कॉलेजचा कुठला तरी फॉर्म भरायला. दुसऱ्यांदा गेला तो गेमसाठी.

त्या गेमचं नाव मी इथे लिहीत नाही. तो बंद पडूनही जमाना झाला. एक मोठं राज्य, त्यात गावं, जंगलं, बाजार, राक्षस, आणि देशभरची पोरं एकाच वेळी त्यात फिरणारी. मारामारी करून लेव्हल वाढवायची. दादाने मला हे दोरे कापता कापता सांगितलं तेव्हा माझी कात्री थांबली. तो म्हणाला, "अगं येडे, मी त्यात पोरगी झालोय. पोरगी बनवली ना, की सगळे फुकटात सामान देतात. कुणी बूट देतो, कुणी ढाल. नाव काय ठेवलं सांग?" मी म्हटलं काय. तर म्हणाला, "सुजाता. पासवर्डपण तुझीच जन्मतारीख. विसरायला नको."

काय सांगू, मला आभाळच ठेंगणं झालं. माझ्या नावाची एक पोरगी तलवार घेऊन जंगलात फिरत होती आणि तिला दादा चालवत होता. कपडे कुठल्या रंगाचे घेऊ, त्याने विचारलं. मी निळे म्हटलं. रोज संध्याकाळी तो सांगायचा, सुजाता आज नदीपलीकडे गेली, सुजाताला आज तिघांनी घेरलं. मी भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर तिचा नकाशा काढला. गावं, पूल, राक्षसाची गुहा, सगळं पेन्सिलने. मी तो गेम एकदाही पाहिला नव्हता, पण डोळे मिटून त्या राज्यात फिरले असते. आमच्याकडच्या पोरी सायबरमध्ये जायच्याच नाहीत.

घरात मात्र हे फक्त मला माहीत होतं. मम्मी-पप्पांच्या लेखी दादा कंप्युटर शिकत होता. पप्पांच्या फॅक्टरीत त्याच सुमारास कंप्युटरवर चालणाऱ्या मशिनी आल्या होत्या आणि पंचवीस वर्षं हाताने काम केलेल्या माणसांना विशीतली पोरं सूचना द्यायला लागली होती. पप्पा घरी येऊन ते सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "आपल्या मिलिंदला कुणी असं उभं करणार नाही. शिकू दे त्याला." आमच्या घरात शिकतोय म्हटलं की सगळे दरवाजे उघडायचे. आजोबा शिकले नाहीत, पप्पा दहावीपर्यंत शिकले. त्यामुळे शिकणाऱ्याला कुणी अडवायचं नाही, हा आमच्याकडे नियमच होता. दादाला उशीर झाला की मम्मी डबा भरायची. "जा गं, देऊन ये. उपाशी बसलाय पोरगा अभ्यासाला." मला नववीची परीक्षा होती, याची आठवण घरात फक्त मला होती.

तो डबा घेऊन मी पहिल्यांदा सायबरच्या आत गेले आणि तिला पाहिलं. पाच नंबरच्या मशीनवर दादा बसला होता आणि पडद्यावर ती उभी. उंच, गोरीपान, कमरेपर्यंत केस, अंगात निळा झगा, शेजारी पांढरा घोडा. मी सावळी, बुटकी, दोन वेण्या वर बांधलेली. तिचं नाव तिच्या डोक्यावर लिहिलेलं होतं आणि ते माझं नाव होतं. मी दादाच्या तोंडाकडे बघितलं. तो जसा बघत होता ना तिच्याकडे, तसं त्याने मला गोष्ट सांगतानाही कधी बघितलं नव्हतं. बाजूची पोरं म्हणत होती, "मिल्या, सुजाताला उत्तरेकडं ने, सुजाताला मारतील तिथं." दादाने मला बघून पोरांना सांगितलं, "बहीण आहे माझी." नाव कुणी विचारलं नाही.

त्या दिवसापासून माझं बिनसलं. तोवर दादानेही संध्याकाळच्या गोष्टी कमी केल्याच होत्या. आधी तो उशिरा बसायला लागला, मग कात्री हातात घेऊन नुसताच बसायला लागला. मी विचारायचे, "आज काय झालं तिचं?" तो म्हणायचा, "काही नाही, लेव्हल वाढली." एवढंच. डोळे लाल, जेवताना बोटं ताटाच्या कडेवर कीबोर्डसारखी चालायची. भाकरी संपली हेही कळायचं नाही त्याला. मी गठ्ठा एकटी संपवायचे आणि मनात तिला शिव्या द्यायचे. तिच्याकडे सगळं होतं, घोडा, झगा, देशभरची पोरं. माझ्याकडे एक तास होता, तोही तिने घेतला. मम्मीला एका वाक्यात सांगता आलं असतं की तो शिकत नाहीये, खेळतोय. का नाही सांगितलं? भीती नव्हती. चुगली करायला मी कधीच घाबरले नाही. पण ते गुपित दादाने मला दिलं होतं, आणि आमच्या दोघांत आता तेवढंच उरलं होतं.

वैशाखी पौर्णिमेला आमच्याकडे खीर व्हायची. सगळ्यांकडेच होते. पण आमच्याकडे माझ्या नावामुळे एक जास्तीचा प्रकार होता. सुजाताने खीर दिली आणि तथागतांचा उपास सुटला, ही गोष्ट पप्पा दरवर्षी सांगायचे, आणि मग मी पहिली वाटी दादाला द्यायची. मी चार वर्षांची असल्यापासून. दादा डोळे मिटून, मांडी घालून, अगदी गंभीर तोंड करून बसायचा. मी वाटी पुढे केली की एक डोळा उघडून म्हणायचा, "साखर आहे ना?" सगळे हसायचे. त्याने पहिला चमचा खाल्ल्याशिवाय घरात कुणी वाटीला हात लावत नसे. वर्षातून एकदा सगळं घर माझ्या हाताकडे बघत थांबायचं.

त्या वर्षी सकाळी विहारात जाऊन आलो, मम्मी पांढऱ्या साडीतच चुलीपाशी बसली, वेलदोड्याचा वास ओट्यापर्यंत गेला. कारखान्याला सुट्टी होती, त्यामुळे सगळीकडे शांत. बारा वाजले, दादा नाही. एक वाजला. वाटीतल्या खिरीवर साय धरली. पप्पा म्हणाले, "कंप्युटरचं काहीतरी काम निघालं असेल. ठेव, येईल तो." त्यांच्या आवाजात राग सोडाच, कौतुकच होतं. मी वाटी डब्यात ओतली, झाकण लावलं आणि निघाले.

सायबरमध्ये पाच नंबरभोवती आठ-दहा पोरं जमलेली. कुणीतरी थंडा आणलेला. गेममध्ये त्या दिवशी सुजाताचं लग्न होतं. इंदूरच्या कुठल्या तरी मुलाच्या योद्ध्याशी. लग्न लावलं की दोघांची ताकद वाढते असा काहीतरी हिशेब होता. पडद्यावर फुलं पडत होती. पोरं टाळ्या वाजवत होती. मी मागून म्हटलं, "दादा, खीर." त्याने मान न वळवता हात मागे केला, डबा घेतला, बाजूला ठेवला. "ठेवतो. नंतर खातो." मी म्हटलं, "पहिली वाटी आहे." तो म्हणाला, "हो गं, खातो ना." मी दारात उभी राहिले. मला वाटलं, आठवेल. एक डोळा उघडून विचारेल. त्याच्या शेजारच्या चष्मेवाल्या पोराने डबा उघडला, वास घेतला, आणि बोटाने चाटून चाटून सगळी खीर संपवली. दादाने बघितलंसुद्धा नाही. मी रिकामा डबा घेऊन घरी आले आणि मम्मीला सांगितलं, खाल्ली त्याने. मग सगळे जेवले.

दुसऱ्या दिवशी दादा सकाळच्या क्लासला होता. बारावीची सुट्टीतली बॅच तो अजून बुडवत नव्हता. मी मम्मीला सांगितलं मैत्रिणीकडून पुस्तक आणते, आणि सायबरवर गेले. हरेश अंकलनी पहिल्यांदाच मान वर केली. "बेटा, रिझल्ट देखना है क्या?" मी मान हलवली. "नाम लिख, टैम लिख. पाँच नंबर खाली है." मी रजिस्टरमध्ये स्वच्छ अक्षरात नाव लिहिलं, आडनावासकट, जसं उत्तरपत्रिकेवर लिहितात. वेळ लिहिली. मशीन पाच. चोरी करायला निघालेल्या माणसाने स्वतःचं पूर्ण नाव लिहावं, एवढी मी शहाणी. पण खोटं नाव लिहिता येतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शाळेने आणि पप्पांनी मिळून तशी सोयच ठेवली नव्हती.

माझी जन्मतारीख टाकली आणि ती समोर आली. बटणं दाबत बसले. ती चालायला लागली. खरं सांगते, किती छान चालायची ती. नकाशा मला पाठ होता, त्यामुळे पूल कुठे, बाजार कुठे, मला कुणाला विचारावं लागलं नाही. मी तिला नदीवर नेलं. येणारे-जाणारे थांबून हाय सुजाता म्हणत होते. एकाने काही न मागता अंगठी दिली. माझ्या आयुष्यात मला रस्त्यात थांबवून कुणी काही दिलं नव्हतं. वीस मिनिटं म्हणून गेलेली मी पाऊण तास तिथे होते. अजून थोडं, तो डोंगर बघू, असं करत होते आणि मला कळलं की दादा का परत येत नाही. कळलं, आणि जास्तच राग आला. एवढं सुख त्याने एकट्याने घेतलं होतं, आणि माझ्या नावाने.

पुसून टाकायचं बटण शोधायला वेळ लागला नाही. कंप्युटरने विचारलं, खात्री आहे का, असल्यास नाव टाइप करा. मी एकेक अक्षर शोधत माझं नाव टाइप केलं. ती जिथे उभी असायची तिथे रिकामा चौथरा राहिला. मी रजिस्टरमध्ये बाहेर पडल्याची वेळ लिहिली आणि घरी येऊन मटकी निवडत बसले. आत मला गार गार वाटत होतं.

दुपारी दादा सायबरवर गेला आणि अर्ध्या तासात परत आला. भिंतीला टेकून बसला. मम्मी म्हणाली, "काय रे, लाईट गेली काय तिकडे?" तो हो म्हणाला. संध्याकाळी गठ्ठा सुटला तेव्हा त्याने आपणहून कात्री घेतली. मी साळसूदपणे विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "कुणीतरी उडवली तिला." मी म्हटलं, "अरेरे." त्याच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं, मांडीवरच्या जीन्सवर. मला वाईट वाटलं का? वाटलं, पण आनंद त्याहून मोठा होता. पुढचे चार दिवस तो रोज माझ्यासमोर बसला. गोष्ट सांगत नव्हता, पण बसला होता. तिसऱ्या दिवशी हसलासुद्धा. रविवारी नाक्यावरून दालपकवान आणलं, एक माझ्यासाठी जास्तीचं. मी जिंकले होते.

पाचव्या दिवशी तो आला नाही. सहाव्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा पाच नंबरवर नवीन पोरगी होती, लाल झग्यातली. मी विचारलं, "हिचं नाव काय?" तो म्हणाला, "रोशनी." का, ते सांगितलं नाही. रंगही मला विचारला नाही. त्या नवीन राज्यात माझं काहीच नव्हतं, ना नाव, ना निळा रंग, ना जन्मतारीख. मी तिला नाही, स्वतःलाच तिथून हाकलून आले होते. ऑगस्टपर्यंत तो क्लास बुडवायला लागला, दिवाळीपर्यंत कॉलेज. बारावीचा निकाल लागला तेव्हा पप्पांना सगळं एकदमच कळलं. त्यांनी हात उचलला नाही. नुसतं विचारलं, "मग तू शिकत काय होतास रे तिथे?" त्यानंतर दोन वर्षं ते त्याच्याशी कामापुरतंच बोलले. मी गप्प होते. पौर्णिमेच्या दिवशी रिकामा डबा आणून मी मम्मीपुढे खरं बोलले असते, तर त्याचं वर्ष वाचलं असतं. पण मला त्याला सोडवायचं नव्हतं. मला फक्त ती मरायला हवी होती. हे मी कुणाला सांगितलं नाही, आज लिहितेय.

दादा आता लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला आहे. बदलापूरला माझ्यापासून दोन स्टॉपवर राहतो. गेमचा नाद सुटला, कधी सुटला ते त्यालाही सांगता येत नाही. गेल्या वैशाखी पौर्णिमेला तो लेकीला घेऊन माझ्याकडे आला. परी सातवीत आहे. सोफ्याच्या कोपऱ्यात मोबाईल धरून बसली ती मान वर करेना. दादा दोनदा ओरडला, मग थकून मला म्हणाला, "तूच सांग हिला. माझं काय झालं ते तुला जास्त माहीत आहे." मी खिरीची वाटी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "दादा, सुजाताला मी उडवली होती."

त्याने चमचा थांबवला नाही. "माहितीये मला," म्हणाला. "त्याच दुपारी कळलं होतं. मी रजिस्टरवर नाव लिहायला वाकलो, तर वर तुझं. पूर्ण नाव, आडनावासकट. मशीन पाच."

एवढी वर्षं मी मनात बाळगून होते. म्हटलं, "मग बोलला का नाहीस?"

तो वाटीच्या तळाकडे बघत होता. "बोललो असतो तर भांडण झालं असतं. भांडण झालं असतं तर मम्मीला सगळं कळलं असतं. मग मला कुणी जाऊ दिलं नसतं तिथं." मग म्हणाला, "तू मम्मीला सांगशील म्हणून चार दिवस घरी बसलो होतो. बघत होतो तुझ्याकडे. तू काहीच बोलली नाहीस, मग गेलो."

परीच्या मोबाईलमधून कसलीशी मारामारी ऐकू येत होती. ते चार दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे, असं मी आजवर धरून चालले होते. तो माझ्यासाठी घरी बसलाय, असं मला वाटलं होतं. मग जे खरंच विचारायचं होतं तेच विचारलं. "रोशनी कुठपर्यंत गेली रे?"

दादा हसला. त्याचं ते जुनं हसू. "रोशनी? सुजाताच्या खूप पुढे गेली ती."

मग त्याने वाटी पुढे केली आणि म्हणाला, "अजून थोडी दे."

मी म्हटलं, "संपली." पातेल्यात अजून दोन वाट्या खीर होती.